लोणावळा ते पाषाण : एका फायलीचा दिवस

सकाळी ६.००

वडगावच्या कोर्टात तारीख असते त्या दिवशी माझी पिशवी हलकी असते. पुण्याला परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम असलं की तीच पिशवी दोन हातांनी उचलावी लागते. मावळात वकिली करणाऱ्या बाईकडे येणारी कामं बहुतेक जमिनीची. सातबारा, फेरफार, वारसनोंद, बांधावरचं भांडण. पण लोणावळ्यापासून खाली पिंपरीपर्यंत सिंधी कुटुंबं आहेत, काही कोकणी मुसलमान कुटुंबं आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींच्या घरात सिंधमधून किंवा कराचीतून आलेली सून, मेव्हणा, पुतण्या आहे. पासपोर्ट हिरवा, चूल मात्र इथली. या माणसांच्या फायलींना माझ्या ऑफिसात वेगळं कपाट आहे.

आजची फाईल लोणावळ्यातल्या एका दुकानदाराच्या सुनेची. माहेर सक्खरचं, सिंधू नदीच्या काठचं. २०१६ च्या मार्चमध्ये ती पिंपरीच्या मावशीकडे आली, पुढच्या वर्षी इथेच लग्न झालं आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला. त्याला सगळेच 'एलटीव्ही' म्हणतात. आता त्याची मुदत संपत आली आहे, म्हणून आज वाढीव मुदतीसाठी मूळ कागद घेऊन बोलावलं आहे.

चहा गॅसवर ठेवून मी यादीवर बोट फिरवते. चालू पासपोर्ट, मुदत संपलेला जुना पासपोर्ट, अटारीच्या सीमाठाण्याचा प्रवेशशिक्का असलेलं पान, रहिवास परवाना, नगरपरिषदेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नवऱ्याचा जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला, घरपट्टीची पावती, वीजबिल, नवऱ्याचं हमीपत्र. मूळ कागद एका फोल्डरमध्ये, झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्यात. जुना पासपोर्ट अशिलांना भंगार वाटतो. पहिला प्रवेशशिक्का त्याच्यातच असतो, आणि पुढची सगळी वर्षं त्या शिक्क्यापासून मोजायची असतात.

सकाळी ७.१५

लोकलमध्ये सून खिडकीशी, सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, तिच्या शेजारी, मी समोर. मळवली गेलं की काकू डबा उघडतात आणि प्रश्नही. "ताई, तो नवा कायदा आलाय ना? मग हिचं आपोआप का होत नाही?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. नागरिकत्व दुरुस्ती कायदा २०१९ च्या डिसेंबरात झाला, त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती त्यात बसतात. पण अट अशी की ते ३१ डिसेंबर २०१४ ला किंवा त्याआधी भारतात आलेले हवेत. ही आली २०१६ मध्ये. सव्वा वर्षाने चुकली. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राने आणखी एक आदेश काढला, त्यात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे. ती बातमी वाचून पुष्कळांनी पेढे वाटले. तो आदेश पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दल होणाऱ्या कारवाईतून सूट देतो. नागरिकत्वाची तारीख त्याने हललेली नाही.

"म्हणजे हिला रस्ताच नाही?" काकूंचा हात डब्यातच थांबतो.

रस्ता आहे, आणि तो नव्या कायद्यापेक्षा जुना आहे. नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याच्या कलम ५ मध्ये भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या आणि अर्जाआधी सात वर्षं भारतात राहिलेल्या व्यक्तीला नोंदणीने नागरिकत्व मिळतं. त्यात धर्माचा उल्लेख नाही. सात वर्षांचा हिशेबही कायद्याने सांगून ठेवला आहे : अर्जाच्या लगतचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं.

मी वहीत तक्ता काढते. २०२३ मध्ये वडील आजारी म्हणून ती दोन महिने सक्खरला जाऊन आली. ते दोन महिने आठ वर्षांच्या खिडकीत पडतात. सहा वर्षं त्याच्याशिवायही भरतात, त्यामुळे चिंता नाही. गेल्या बारा महिन्यांत ती कुठेही गेलेली नाही. म्हणजे ती आजच पात्र आहे. खरं तर बरेच दिवस पात्र आहे. घरच्यांनी अर्ज केला नाही, कारण व्हिसा चालू होता, दुकान चालू होतं, कुणाला घाई वाटली नाही.

सून पहिल्यांदा बोलते. आईला बरं नाही, असं परवा फोनवर कळलं. आता गेलं तर?

तिला काय सांगायचं हे मला माहीत असतं आणि तरी ते सांगणं जड जातं. आता बाहेर पडलीस तर लगतचे सलग बारा महिने तुटतील. विशेष परिस्थितीत थोड्या दिवसांची सवलत देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, पण ती मिळेल असं धरून निघता येत नाही. शिवाय निघायचं कुठून? २०२५ च्या एप्रिलात पहलगामला झालेल्या हल्ल्यानंतर अटारीचं ठाणं बंद झालं, एकमेकांच्या विमानांना आकाश बंद झालं. ती मान हलवते आणि बाहेर बघते. कान्हे गेलेलं असतं.

सकाळी ८.००

वडगाव मागे टाकून गाडी तळेगावला लागते. इथे मी सुनेला एक गोष्ट बजावते, कारण तिच्या नणंदेने तळेगावात फ्लॅट घेतला आहे आणि हे नवरा-बायको तिथे राहायला जायचा विचार करत आहेत. मावळ तालुका एक, तहसील वडगावला एकच. पण पोलिसांच्या हद्दी दोन. लोणावळा, कामशेत, वडगाव पुणे ग्रामीणमध्ये. तळेगाव दाभाडे आणि देहूरोड पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, २०१८ मध्ये ते सुरू झालं तेव्हापासून. परदेशी नागरिकाची नोंदणी पोलीस हद्दीप्रमाणे होते. लोणावळ्याहून तळेगावला सामान हलवलं की नोंदणी अधिकारी बदलतो, फाईल हलवावी लागते, नव्या पत्त्याची पडताळणी पुन्हा होते. आपल्याला ती तीसेक किलोमीटरची सोय वाटते. फायलीच्या लेखी तो जिल्हाबदल असतो.

भेटीच्या व्हिसावर आलेल्या पाहुण्यांचं तर आणखी वेगळं होतं. २०२५ च्या एप्रिलात ते व्हिसा बंद होईपर्यंत पाकिस्तानी पाहुण्याच्या व्हिसावर गावांची नावं लिहिलेली असत. १९७४ च्या करारात तीन ठिकाणं होती, २०१२ च्या करारात पाच झाली. पोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांत हजेरी, निघताना पुन्हा हजेरी. त्यात छावणी आणि प्रतिबंधित भाग वर्ज्य. आणि आमच्या पट्ट्यात तेच जास्त : लोणावळ्याला नौदलाची आयएनएस शिवाजी, पुढे देहूरोड आणि खडकीच्या छावण्या. व्हिसावर फक्त पुणे लिहिलेलं असताना पावसाळ्यात भुशी डॅमला नेलेला मामेभाऊ पुढे एलटीव्हीच्या चौकशीत अडचण होऊन उभा राहतो. पाहुणचार करणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते लोणावळा पुण्यातच येतं.

सकाळी ९.४५

शिवाजीनगरला उतरून रिक्षाने पाषाण रस्त्यावर, ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात. अर्ज ऑनलाइन भरलेला आहे, इथे मूळ कागद दाखवायचे आणि विचारलं त्याची उत्तरं द्यायची.

पाळी येईपर्यंत मी सुनेला एकच सांगते : विचारलं तेवढं आणि खरं तेवढं. किती साली आलात, कुणाकडे उतरलात, मधल्या काळात कुठे गेलात, नवरा काय करतो, माहेरी कोण. उत्तर अर्जातल्या मजकुराशी जुळलं पाहिजे. पाठांतर करून आलेली माणसं इथे लगेच ओळखू येतात.

आजचा अडथळा पत्त्याचा निघतो. परवान्यावर गावठाणातलं जुनं घर आहे. कुटुंब आता तुंगार्लीत राहतं, वीजबिल सासऱ्यांच्या नावावर आहे. सासऱ्यांचं संमतीपत्र, घरपट्टीची पावती आणि नवऱ्याच्या आधारवरचा नवा पत्ता, असे तीन कागद मी आधीच लावून ठेवलेले असतात. समोरचे कर्मचारी ते शांतपणे बघतात, एकाची आणखी एक प्रत मागतात. पुढची पडताळणी लोणावळ्याच्या ठाण्यातून होईल. हवालदार घरी येतील, शेजारच्या दोघांचे जबाब घेतील. काकूंना त्याचीच लाज वाटते. "चार लोकांत पोलीस घरी येणार!" त्यांना मी सांगते की शेजाऱ्यांना आजच सांगून ठेवा. पोलीस अचानक दारात दिसले की घाबरलेला शेजारी 'आम्हाला काही माहीत नाही' म्हणतो, आणि तेच जबाबात उतरतं.

बाकावर बसल्या बसल्या २०२५ चा एप्रिल आठवतो. सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले, उपचारासाठीचे २९ एप्रिलपर्यंत चालले. दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांना त्यातून वगळलं होतं. त्या आठवड्यात माझा फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. ज्यांच्या हातात चालू एलटीव्हीचा कागद होता त्यांना मी पाच मिनिटांत धीर देऊ शकले. ज्यांची मुदतवाढ 'करू की पुढच्या महिन्यात' म्हणून राहिली होती, त्यांना धीर द्यायला माझ्याकडे कागद नव्हता. तेव्हापासून मी अशिलांच्या मुदतीच्या तारखा माझ्याच वहीत लिहून ठेवते आणि तीन महिने आधी फोन करते.

सकाळी ११.४५

जिल्हाधिकारी कार्यालय. इथे सुनेच्या नागरिकत्वाच्या अर्जाची तयारी. विवाहाच्या आधारावरचा अर्ज नमुना ३ मध्ये, तो ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत कागदांसह इथे द्यायची.

हे काम पुण्यात होतं याला कारण आहे. एरवी असा अर्ज जिल्ह्यातून राज्याच्या गृह विभागाकडे आणि तिथून दिल्लीला जातो. २०१६ च्या डिसेंबरात केंद्राने सात राज्यांतल्या सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना, पुढे नव्या कायद्यात आलेल्या याच सहा समुदायांच्या अर्जांवर निर्णय घेण्याचे अधिकार दिले. महाराष्ट्रातले जिल्हे चार : मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर. उल्हासनगर ठाण्यात, पिंपरी पुण्यात, आणि नागपुरातही सिंधी वस्ती मोठी. निवड कशावरून झाली ते नकाशा पाहिला की कळतं. त्याच वर्षी नोंदणीचं शुल्क शंभर रुपयांवर आणलं, आणि एलटीव्हीवरच्या या लोकांना बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना, स्वतः राहण्यापुरतं घर घेण्याची मुभा दिली.

या यादीत नसलेला एक कागद मात्र मावळात फार उदारपणे वाटला जातो. निवडणूक आली की वॉर्डातला एखादा उत्साही कार्यकर्ता घरी येतो, 'वहिनींचं नाव राहिलंय' म्हणतो आणि मतदार यादीचा अर्ज भरून नेतो. वहिनी सही करतात. त्या अर्जात 'मी भारताची नागरिक आहे' असं प्रतिज्ञेवर लिहिलेलं असतं. खोटी प्रतिज्ञा लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० नुसार गुन्हा आहे, आणि नागरिकत्वाच्या चौकशीत ते मतदार कार्ड निघालं की सगळी फाईल संशयात जाते. मी सुनेला विचारते. ती म्हणते, मागच्या वेळी आले होते, पण सासऱ्यांनी हाकलून दिलं. सासऱ्यांचं मनातल्या मनात अभिनंदन करते.

दुपारी २.००

दुपारी लोकल विरळ, म्हणून त्यांच्या ओळखीच्या गाडीने जुन्या हायवेने परत. वडगावला मी उतरते, त्या दोघी लोणावळ्याला जातात. पोटोबाच्या देवळाजवळच्या माझ्या ऑफिसात डबा खाऊन होईपर्यंत टायपिंगवाल्या मुलाने दोन वारसनोंदी आणि एक बक्षीसपत्र काढून ठेवलेलं असतं. मावळची जमीन काही थांबत नाही.

दुपारी ३.००

कामशेतहून एक काका येतात. सिंधमधल्या घोटकी जिल्ह्यातलं कुटुंब. २०१३ च्या अखेरीस तीर्थयात्रेच्या व्हिसावर आले आणि राहिले. बायको, दोन मुली, एक मुलगा. यांना नवा कायदा लागू होतो आणि त्याचा मोठा फायदा आहे. एरवी देशीकरणाने नागरिकत्व घ्यायला शेवटचे बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत अकरा वर्षं लागतात. यांच्यासाठी ती अकराची पाच केली आहेत.

या अर्जाची वाटही वेगळी. जिल्हा पातळीवरच्या समितीचे प्रमुख टपाल खात्याचे अधीक्षक असतात, राज्य पातळीवरच्या समितीचे प्रमुख जनगणना संचालक. काकांना ते ऐकून हसू येतं. "पोस्टात नागरिकत्व?" हो. पोस्टातच कागद तपासून शपथ घ्यायची.

आता त्यांना दोन गोष्टी दाखवायच्या आहेत. पहिली, ते पाकिस्तानचे नागरिक होते. त्यासाठी पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला, तिथलं ओळखपत्र, जमिनीचा कागद यांपैकी काहीही चालतं. मुदत संपलेलाही चालतो. आजोबा-पणजोबा तिथले होते असं दाखवणारा कागदही चालतो. दुसरी गोष्ट, ते २०१४ संपायच्या आत इथे होते. नियमांत त्यासाठी वीस प्रकारचे कागद दिले आहेत. काका पिशवी टेबलावर रिकामी करतात. फाटलेलं वीजबिल, नोंदणीकृत भाडेकरार, आणि मोठ्या मुलीचा जिल्हा परिषद शाळेतला दाखला, प्रवेश जून २०१४. तिथेच मी थांबते. त्या एका ओळीवर कुटुंबाची तारीख उभी राहते.

अडचण लग्नाची आहे. "मॅडम, लग्नाचं सर्टिफिकेट नाही. कसं असणार?" काकांचं बरोबर आहे. त्यांचं लग्न १९९९ मधलं. सिंधमध्ये हिंदू विवाह नोंदवण्याचा कायदाच २०१६ मध्ये झाला, उरलेल्या पाकिस्तानसाठी २०१७ मध्ये. त्याआधी फेरे झाले, पत्रिका छापली, जेवणं झाली, पण सरकारी वहीत ओळ नाही. म्हणून मी बायकोच्या तिथल्या ओळखपत्राकडे वळते. त्यावर पतीचं नाव उर्दूत छापलेलं आहे. मुलांच्या नोंदीत आई-वडील दोघांची नावं आहेत. या दोन कागदांचं भाषांतर, सोबत पतिपत्नीचं प्रतिज्ञापत्र. लग्न असं चहूबाजूंनी सिद्ध करायचं.

भाषांतर करताना नावांचा घोळ येतोच. तिथल्या कागदावर आडनाव नाही, वडिलांचं नाव शेवटी. इथे शाळेच्या मास्तरांनी आडनाव लिहून टाकलं. धाकट्याच्या दाखल्यावर तेच आडनाव वेगळ्या स्पेलिंगने. मी सगळी रूपं एका प्रतिज्ञापत्रात मांडते, 'ही सर्व नावं एकाच व्यक्तीची', आणि पुढचे सगळे अर्ज पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच भरायला सांगते. नाव सुंदर करायची हौस नागरिकत्व मिळाल्यानंतर राजपत्रात भागवता येते.

भाषेची अट ऐकून काकांची बायको घाबरली आहे, तिला मराठी जेमतेम येतं. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही एक भाषा चालते. सिंधी तिथे १९६७ पासून आहे.

जाता जाता काका धाकट्या मुलीबद्दल विचारतात. ती एकोणीस वर्षांची. पाकिस्तानच्या कायद्यात एकवीस वर्षांखालच्या माणसाला तिथलं नागरिकत्व सोडता येत नाही. नेहमीच्या अर्जात यावरून पेच पडतो. केरळात दोन बहिणींचं असं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२४ च्या नियमांत अर्जातच जाहीरनामा आहे की इथलं नागरिकत्व मिळताच तिथलं सुटलं. काकांची मुलगी त्या वाटेने जाणार असल्याने तिला तो प्रश्न नाही.

दुपारी ४.४५

शेवटची भेट कोकणी मुसलमान बाईंची. कराचीत जन्म, लग्न करून तळेगावात आल्या, मुलगा इथे २०१२ मध्ये झाला. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला. त्यांना कुणीतरी सांगितलं आहे की आता तुमचं काही होणार नाही, आणि मुलाच्या पासपोर्टचंही नाही.

मुलाचं आधी. भारतात जन्मलेल्याचं नागरिकत्व जन्मतारखेवर ठरतं. १ जुलै १९८७ च्या आधीचा जन्म असेल तर जन्म पुरेसा. त्या दिवसापासून २ डिसेंबर २००४ पर्यंत आई-बापांपैकी एक जण नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४ पासून एक जण नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. वैध व्हिसावर येऊन मुदत संपल्यावर राहिलेला माणूसही बेकायदा स्थलांतरितच. म्हणून मी त्यांच्याकडे एकच कागद मागते : मुलगा झाला त्या महिन्यातला त्यांचा रहिवास परवाना. तो आहे, आणि चालू आहे. मुलगा जन्माने भारतीय. त्या परवान्याची मुदतवाढ त्या वर्षी दोन महिने लांबली असती, तर त्याची किंमत या मुलाने मोजली असती.

आता त्यांचं स्वतःचं. नवा कायदा त्यांना लागू नाही. विवाहाच्या कलमात 'लग्न झालेलं आहे' असं म्हटलं आहे, आणि नवरा हयात नसल्याने त्या आधारावर अर्ज टिकवणं अवघड. पण कलम ५ चा पहिलाच भाग भारतीय मूळ असलेल्यांसाठी आहे, तिथेही सात वर्षंच लागतात. स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एक जण अविभाजित भारतात जन्मलेला असला की झालं. त्यांचे वडील १९४३ मध्ये दापोली तालुक्यात जन्मले आणि लहानपणीच कराचीला गेले. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, कोकणातल्या बोटी आणि माणसं कराचीच्या बंदरात ये-जा करत. दापोलीच्या तहसिलात गाव नमुना १४ च्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी असतात. जातपडताळणीवाले रोज त्या शोधतात. उद्याच नक्कल मागायला माणूस पाठवू, असं मी सांगते. हा अर्ज पुण्यात निकाली निघणार नाही, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पुढे दिल्लीपर्यंत जाईल. वेळ लागेल, पण दार उघडं आहे.

हे दार फार काळ उघडं राहणार नाही, हेही मला दिसतं. आजोबा दापोलीचे असून चालत नाहीत, आई किंवा वडीलच लागतात. १९४७ च्या आधी जन्मलेल्या माणसांची मुलं आता पन्नाशीकडे गेली. आणखी वीस वर्षांनी हे कलम छापलेलं राहील, त्यात बसणारं क्वचितच कुणी उरेल.

संध्याकाळी ६.३०

लोकलने परत. वाटेत दोन फोन. पहिला लोणावळ्यात बंगला भाड्याने देणाऱ्याचा. लंडनहून कुटुंब येणार आहे, पासपोर्ट ब्रिटिश, जन्म लाहोरचा. काय करू? परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती घ्यायच्या, आपलं डोकं चालवायचं नाही.

दुसरा फोन पिंपरीच्या आजोबांचा. नातू अमेरिकेत जन्मला, त्याला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड हवं आहे. फॉर्ममध्ये आजी-आजोबा पाकिस्तानचे होते का असं विचारलं आहे, आजोबांचा जन्म कराचीचा, मग 'हो' लिहू का? मी घाईने 'थांबा' म्हणते. आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजोबा पाकिस्तानचे नागरिक असले तर ओसीआय मिळत नाही. आजोबा १९४६ मध्ये कराचीत जन्मले आणि १९४७ मध्ये आईच्या कडेवर इथे आले. ते पाकिस्तानचे नागरिक कधीच नव्हते. जन्मठिकाण खरं ते लिहायचं, आणि सोबत त्यांच्या वडिलांचं निर्वासित नोंदणीचं कार्ड किंवा पहिला भारतीय पासपोर्ट लावायचा. आजोबा म्हणतात, ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलंय. देव्हाऱ्यात का असेना, जपलं हे महत्त्वाचं.

रात्री ८.३०

वहीत आजचं टिपण. पाषाणची पोच फायलीत लावली. तुंगार्लीच्या दोन शेजाऱ्यांची नावं लिहिली. दापोलीच्या नकलेचा अर्ज टाइप करायला ठेवला. कामशेतच्या काकांना संध्याकाळी फोन करून शाळेच्या दाखल्याची मुख्याध्यापकांच्या सहीची नवी प्रत आणायला सांगितली.

ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांच्यासाठी माझं सांगणं थोडक्यात आहे. एलटीव्हीची मुदत संपायच्या तीन महिने आधी अर्ज करा आणि पोच जपा. पत्ता बदलला तर कळवा, आणि नवी हद्द कोणाची ते सामान हलवण्याआधी विचारा. जुना पासपोर्ट, जुना परवाना, मुलांचा पहिला शाळाप्रवेश यांतलं काही फेकू नका. मतदार यादीच्या अर्जावर सही करू नका. 'दिल्लीत ओळख आहे' म्हणणाऱ्या एजंटाला मूळ कागद देऊ नका. आणि ज्या दिवशी सात वर्षं भरतील त्याच आठवड्यात नागरिकत्वाचा अर्ज करा. व्हिसा चालू आहे म्हणून थांबणाऱ्यांची अवस्था काय होते ते २०२५ च्या एप्रिलने दाखवून दिलं आहे.